शहामृगाला दिलेला आवाज

चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे आमच्या दुकानात ते तीन-चार महिने काम नसायचं. सोलापूरच्या भवानी पेठेतलं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. मालक कॅमेरा धरायचे आणि मी मागच्या खोलीत बसून एडिटिंग करायचो. नवरी रडली की तो भाग सावकाश करायचा, वरमाईची आरडाओरड गाण्याखाली दाबायची, हे माझं काम. लहानपणापासून मला लोकांचे आवाज काढता यायचे. शाळेत मास्तरांचे काढायचो, घरी पाहुण्यांचे. त्या वर्षी रिकामपणात मला इंटरनेटवर आफ्रिकेच्या वाळवंटातल्या प्राण्यांच्या क्लिपा सापडल्या. कुणीही घ्याव्यात, वापराव्यात अशा. मूळ आवाज काढून टाकला आणि त्या जनावरांना मी सोलापुरी बोलायला लावलं.

पहिल्या व्हिडिओत मीरकॅट होते. मुंगसासारखा प्राणी, बिळाबाहेर मागच्या पायांवर उभा राहून लांबवर बघत बसतो. दोघं शेजारी शेजारी उभे.

"काय बे, पाणी येऊलालंय का?"

"आज न्हाई बे. आज पलीकडच्या बिळाची पाळी हाय."

"मग तू कशाला उभारलास?"

"उभारायची सवय झाली की."

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. हा व्हिडिओ दोन दिवसांत सगळ्या पेठेत फिरला. मग मी एक काळा किडा घेतला. नामिबच्या वाळवंटात धुकं पडलं की तो डोकं खाली आणि बूड वर करून उभा राहतो, पाठीवर साचलेलं पाणी ओघळत त्याच्या तोंडात येतं. त्याला मी आमच्या गल्लीतल्या एका घरमालकाचा आवाज दिला. "मोटर लावलेली न्हाई मी. देवाशपथ. आपोआप येऊलालंय हे." ते घरमालक मला चौकात भेटले, पाठीवर थाप मारून म्हणाले, "लई वाईट हायस बे तू." आणि स्वतःच्या मोबाईलवर तो व्हिडिओ शेजारच्याला दाखवला. दुकानाच्या मालकांना मी ओरिक्स केलं, लांब सरळ शिंगांचं, पोट पुढे काढून चालणारं हरीण. तेही खूश. ज्याला त्याला आपण त्यात असावं असं वाटायला लागलं. माणसाची नक्कल केली तर तो चिडत नाही, उलट फुगतो, असं माझं त्या दिवसांत मत झालं होतं.

घरी आम्ही आई, दादा, वहिनी आणि मी. शिवाय बहिणीच्या दोन मुली. बहीण श्रीपूरला असते, मेहुणे तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला. मुलींना सोलापुरात इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं आणि त्या आमच्याकडे राहायला आल्या. थोरली तेव्हा दुसरीत, धाकटी बालवाडीत. त्यांचं सगळं वहिनीच करायच्या. वेण्या, डबे, शाळेत सोडणं-आणणं, ताप आला की उशाशी बसणं. वहिनींच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यांना मूल नव्हतं.

वहिनी सांगोल्याकडच्या. माहेरी मेंढरं. शाळा सातवीपर्यंत. आमचं घराणं मूळचं बार्शीकडचं, शेतीवाल्यांचंच, पण वडिलांच्या हयातीतच आम्ही शहरात आलो आणि आईनं आपली भाषा घासून-पुसून घेतली. वहिनींनी "हाय" म्हटलं की ती पाहुण्यांसमोर म्हणायची, "आहे म्हण गं. हाय काय?" वहिनी हसून "आहे" म्हणायच्या. दादा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. तो घरात फारसं बोलायचाच नाही, त्यामुळे त्याची भाषा कुणी तपासत नव्हतं.

दुपारी जेवणं झाली, आई आडवी झाली, की मी लॅपटॉप घेऊन बसायचो आणि वहिनी तांदूळ निवडायचं ताट घेऊन शेजारी यायच्या. माझ्याशी त्या माहेरच्या भाषेत बोलायच्या. जनावरांचं त्यांना जे कळायचं ते मला दहा वेळा क्लिप बघूनही कळायचं नाही.

"ही मादी आज कळपाच्या मागं ऱ्हाणार बगा, भावजी."

"कशावरून?"

"मागल्या उजव्या पायावर भार देत न्हाय ती. चालताना दिसतंय की."

दोन मिनिटांनी पडद्यावर कोल्हे येत आणि नेमके त्या हरणाच्या मादीच्या मागे लागत. वहिनींनी तिला त्यांच्या आधी हेरलेलं असे. मग त्या जनावराच्या वतीनं काहीतरी बोलायच्या आणि मी पोट धरून हसायचो. उंटाला उद्देशून त्या एकदा म्हणाल्या, "बाबा, तुला देवानं घडीवला का कुणी खाटंवरनं ढकलला?" ते मी तसंच घेतलं. लोकांना जी वाक्यं पाठ झाली होती त्यातली निम्मी तरी वहिनींची होती. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही म्हटलं नाही.

त्यांच्या बोलण्यातला हेल मला जसाच्या तसा हवा असायचा, म्हणून मी मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू करून तो चटईवर पालथा ठेवायचो. त्यांना ते माहीत नव्हतं.

एका दुपारी मी शहामृगाची क्लिप लावली. शहामृगांची रीत अशी की एका घरट्यात तीन-चार माद्या अंडी घालतात, पण दिवसभर उन्हात त्या सगळ्या अंड्यांवर एकच बसते. बाकीच्या चरायला निघून जातात. मी हे वाचून वहिनींना सांगितलं. त्यांनी ताटातला हात थांबवून पडद्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं.

"बगा की भावजी. अंडी घातली समद्यांनी, बसायचं हिनंच. ऊन हिनंच सोसायचं. माझ्यावाणीच हाय बया!"

मीही हसलो.

"उद्या पिल्लं म्होटी झाली की जातील ज्याच्या त्याच्या मागं. हिला इचारणार बी न्हाईत. आन् ही खुळी बसलीया पंख पसरून, जणू काय समदी हिचीच." असं म्हणून त्यांनी खांदे थोडे वर उचलून त्या मादीसारखी मान इकडून तिकडे फिरवली. मग पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. बराच वेळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमास्नी म्हणून सांगते भावजी. डाक्टरीनबाईकडं मी दोनदा जाऊन आले. तुमच्यात काय बी खोट न्हाय म्हणल्या. मालकांना घिऊन या म्हणल्या. ह्यांना म्हणलं, तर तीन दिस माझ्याशी बोलले न्हाईत. तवापासनं मी सोडून दिलं. समद्यांना वाटतंय माझ्यात हाय, तर वाटू द्या. तेवढ्यानं ह्यांचं ऱ्हातंय तर ऱ्हाऊ द्या."

मी म्हणालो, "होईल वहिनी सगळं नीट." आणि क्लिप पुढे ढकलली.

त्या रेकॉर्डिंगवर मी दोन दिवस काम केलं. आधी वहिनींची नक्कल करून पाहिली. चांगली जमली, पण "माझ्यावाणीच हाय बया" म्हणताना त्यांच्या हसण्यात शेवटी जे काहीतरी तुटायचं ते मला येईना. शेवटी त्यांचाच आवाज उचलून त्या मादीच्या तोंडी दिला. चोच आणि शब्द इतके जुळले की माझ्याच अंगावर काटा आला. मग मी बाकीच्या माद्यांना आवाज दिले. त्यातल्या एकीला आईचा. "आठ वर्षं झाली बाई, आमच्या हिनं एक अंडं दिलं नाही. बसायला मात्र सगळ्यांच्या पुढं!" शेवटी नर येतो, घरट्याकडे बघतो आणि दादाच्या आवाजात विचारतो, "भाकरी झाली का?" डॉक्टरीणबाईंचा भाग कापून टाकला. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

वहिनींना हे लागेल असं मला वाटलं नव्हतं, असं मी पुढे बरेच दिवस लोकांना सांगितलं. ते खोटं आहे. मला कळत होतं. "एक अंडं दिलं नाही" या वाक्यानंतर मी त्या मादीचा चेहरा एक सेकंदभर जास्त ठेवला, लोकांना हसायला वेळ मिळावा म्हणून. तेवढं कळत होतं मला.

रविवारी सकाळी व्हिडिओ टाकला. दुपारी बहीण आणि मेहुणे श्रीपूरहून मुलींना भेटायला आले होते, म्हणून तो मी टीव्हीला जोडून सगळ्यांना दाखवला. आई कॉटवर, दादा दाराशी खुर्चीत, मुली खाली बसलेल्या. वहिनी आत भाकरी थापत होत्या. माझ्या प्रत्येक व्हिडिओसारखे सुरुवातीला मीरकॅट आले, सगळे हसले. मग वहिनींचा आवाज खोलीभर घुमला. पिठाचे हात तसेच घेऊन त्या दारात आल्या. आधी त्यांना गंमत वाटली, "अगं बया, माझा आवाज!" म्हणाल्या. मग आईच्या आवाजातलं वाक्य आलं.

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगदी मीच की रे!" ती म्हणाली. बहीण पदर तोंडाला लावून हसत होती. मेहुण्यांनी "पुन्हा लाव, पुन्हा लाव" केलं. दादाही हसला. मोठ्यानं नाही, पण दात दिसेपर्यंत हसला. धाकटी उठून वहिनींच्या गुडघ्यांना जाऊन बिलगली आणि ओरडली, "मामी शहामृग! मामी शहामृग!"

वहिनींनी पिठाचा हात तिला लागू नये म्हणून वर धरला होता. त्या आत गेल्या आणि राहिलेल्या भाकरी केल्या. पंगतीत वाढताना माझ्याजवळ आल्या तेव्हा हळूच विचारलं, "भावजी, हे बाहीर टाकलं का?"

"सकाळीच टाकलं."

"लई जणांनी बगितलं आसंल?"

"आत्तापर्यंतच्या सगळ्यांपेक्षा जास्त," मी म्हणालो. खरंच अभिमानानं म्हणालो.

"काढता येत न्हाय का?"

"काढतो की. उद्या काढतो."

मी काढला नाही. आकडा चढत होता. कुठल्या कुठल्या शाळेच्या स्नेहसंमेलनातून फोन येत होते, येऊन आवाज काढून दाखवा म्हणून. वहिनींनी आणखी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी चिडून म्हणालो, "तुमचं नाव कुठं आहे त्यात? कुणाला कळणार आहे?"

कळायला नाव लागत नव्हतं. पाणी यायच्या दिवशी नळावर बायका त्यांना बघून मान इकडून तिकडे हलवायला लागल्या. किराणा दुकानदार अंडी देताना म्हणाला, "वहिनी, घरची नाहीत का?" शाळेच्या फाटकापाशी इतर मुलींच्या आया मोबाईल काढून त्यांच्याकडे आणि मोबाईलकडे आलटून पालटून बघायच्या. एके दिवशी थोरलीनं शाळेतून आल्यावर दप्तर फेकलं आणि आईला म्हणाली, "आजी, मामीला सांग शाळेत नको येऊ. सगळे मला शहामृगाचं पिल्लू म्हणतात." वहिनी तिथंच होत्या. तिचं दप्तर त्यांनी उचलून खुंटीला लावलं. दुसऱ्या दिवसापासून मुलींना सोडायला मी जायला लागलो.

दुपारचं माझ्याशेजारी बसणंही त्यांनी बंद केलं. तांदूळ आत बसून निवडायच्या. माझे पुढचे व्हिडिओ पडले. लोक म्हणायचे, पहिल्यासारखी मजा राहिली नाही. मी अजूनच चिडचिडा झालो.

मग एक दिवस वहिनींचे वडील आले. फेटा, खांद्यावर घोंगडं, पायांत जाड वहाणा. एसटी स्टँडवरून चालतच आले होते. मी त्यांना मामा म्हणायचो. कॉटच्या अगदी कडेला बसले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "पाव्हणं, ते पाखराचं दावा बरं."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं.

"चावडीवर पोरांनी दावलं मला," ते म्हणाले. "समदी हसली. मी बी हसलो. आवाज वळखलाच न्हाय पयल्यांदा. घरी गेल्याव ध्यानात आलं." पडद्याकडे बोट केलं. "तिला सांगून भरला का आवाज?"

मी लॅपटॉप मिटला.

आई म्हणाली, "अहो, गंमत आहे ती. पोरं करतात असलं काहीतरी."

"गंमत हाय व्हय," मामा म्हणाले. त्यांनी फेटा नीट केला आणि आतल्या दाराकडे बघून हाक मारली, "चल गं. चार दिस येतीस का घरला?"

वहिनी पिशवी भरून आधीच तयार होत्या. धाकटी शाळेत होती. वहिनींनी तिचा डबा उद्यासाठी काढून ठेवला होता आणि कुठं काय आहे ते आईला सांगत होत्या. आई म्हणाली, "आम्हाला सापडेल. तू जा." दादा कामावर होता.

चार दिवसांचे चार महिने झाले. दादा आणायला गेला नाही. आई म्हणायची, "गेली तशी येईल." नंतर म्हणायला लागली, "नाही आली तर बरंच." मुलींचं तिच्यानं होईना, म्हणून बहिणीनं त्यांना श्रीपूरला परत नेलं. आणि मग घरात दादाच्या दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला. आधी दबकत, मग उघड. दादा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

शेवटी आमच्या घरी बैठक ठरली. वहिनींकडून मामा, त्यांचे भाऊ आणि गावातले एक निवृत्त मास्तर आले. वहिनीही आल्या होत्या, पण आतल्या खोलीत बसल्या. आमच्याकडून आई, दादा, मेहुणे, मी. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "मुलीचा दोष काय, ते तरी सांगा."

"दोष आम्ही कशाला सांगायचा?" आई म्हणाली. "तिनंच तिच्या तोंडानं सांगितलंय. सगळ्या जगानं ऐकलंय." माझ्याकडे वळली. "लाव रे ते."

मी लॅपटॉप टीव्हीला जोडला. कुठून लावायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून व्हिडिओ पहिल्यापासून लागला. मीरकॅट उभे राहिले, पाण्याचं विचारायला लागले. मास्तरांना हसू आलं, त्यांनी ते खोकून दाबलं. मग शहामृगाची मादी आली आणि तिच्या तोंडून वहिनी बोलल्या. अंडी घातली समद्यांनी, बसायचं हिनंच. माझ्यावाणीच हाय बया.

"ऐकलंत?" आई म्हणाली.

मामांचे भाऊ जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला. सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावजी, म्होरलं बी लावा की."

"पुढं काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"म्होरं मी आनखी बोलले हुते. भावजींना ठावं हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दादानंही मान वर केली. मूळ रेकॉर्डिंग त्याच लॅपटॉपमध्ये होतं. चालू खिडकी मिटली असती तर मागे फोल्डर उघडाच होता.

"एवढंच आहे," मी म्हणालो. "एवढंच रेकॉर्ड झालंय."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही. क्लिपमधल्या एखाद्या जनावराकडे, ते आता काय करणार हे ओळखायला बघायच्या, तसं. मग "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी दादासाठी गप्प बसलो असं नंतर स्वतःला समजावलं. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यानंच केलं, चारचौघांत त्याची लाज कशी काढायची? पण त्या क्षणी माझ्या मनात दादा नव्हताच. पुढचं लावलं असतं तर ते कुणी आणि का कापलं हे सगळ्यांना कळलं असतं, एवढंच माझ्या मनात होतं.

दोन्हीकडच्या संमतीनं फारकतीचे कागद झाले. त्या बैठकीनंतर मी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये गेलेला, त्याला आता काही इलाज नव्हता. वर्षाच्या आत दादाचं दुसरं लग्न झालं. साधंच, पन्नास-साठ माणसांत. शूटिंग मीच केलं. एडिटिंगही.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीच्या धाकटीचा मला श्रीपूरहून फोन आला. तिच्या आईच्या नकळत लावला होता. "मामा, मामीचा नंबर दे ना." कुठली मामी हे तिला सांगावं लागलं नाही. माझ्याकडे नंबर नव्हता. शोधतो म्हणालो. तो शोधायच्या निमित्तानं म्हणा, एका सकाळी मी सांगोल्याची एसटी धरली आणि पुढे दुसऱ्या गाडीनं वहिनींच्या गावी गेलो.

वहिनींचे वडील, मामा, पत्र्याच्या छपराखाली बसून मेंढराच्या खुरातला काटा काढत होते. मला पाहून आश्चर्य दाखवलं नाही. "बसा," म्हणाले. वहिनी डाळिंबाच्या बागेत कामाला गेल्या होत्या, तासाभरानं आल्या. तोंडाला स्कार्फ बांधलेला, हात कोपरापर्यंत ओरखडलेले. मला बघून "आला व्हय," म्हणाल्या आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं.

मी काय बोलायचं ते गाडीत पाठ करून आलो होतो. त्यातलं काही बोललो नाही. मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. सगळं, पहिल्यापासून. वहिनींचं हसणं, तांदळाचा ताटातला खुळखुळ आवाज, मग डॉक्टरीणबाई, मग मालकांना घिऊन या, मग तेवढ्यानं ह्यांचं ऱ्हातंय तर ऱ्हाऊ द्या. शेवटी माझा आवाज, होईल वहिनी सगळं नीट.

मामांनी मेंढराचा पाय सोडला. "हे तवा तुमच्यापाशी हुतं?"

"हो."

"बैठकीला?"

"हो."

त्यांनी हातातला चिमटा पुसून बाजूला ठेवला. मी वहिनींना म्हणालो, "मी हे तुम्हाला पाठवतो. मास्तरांना ऐकवा, पाहिजे त्यांना ऐकवा. मी येऊन सांगतो, मी कापलं म्हणून."

"मला कशाला?" वहिनी म्हणाल्या. "मी काय म्हणले ते मला ठावं हाय की."

त्या उठल्या, दारातल्या दोरीवरचे कपडे काढायला लागल्या. पाठमोऱ्याच विचारलं, "बारकीला भातावर आजून दही लागतंय का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "ती तुमचा नंबर मागत होती."

त्यांचे हात थांबले. मग कपड्यांची घडी घालत म्हणाल्या, "नगा देऊ. तिची आई मारंल तिला." आणि कपडे घेऊन आत गेल्या, त्या मी असेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मामा म्हणाले, "पाणी पिलासा न्हवं? निगा आता. साडेतीनची येस्टी हाय. ती गेली की फाट्यापतोर चालावं लागतंय उन्हात." फाट्याकडच्या वळणापर्यंत ते माझ्याबरोबर आले. गाडी आली तेव्हा त्यांनी हात करून ती थांबवली आणि मी चढल्यावर लगेच मागे वळले.

संध्याकाळी दादा कामावरून आला तेव्हा मी त्याला गच्चीवर बोलावलं. टाकीत किती पाणी आहे ते बघायचंय म्हणून सांगितलं. वर गेल्यावर सगळं बोललो. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, मी काय कापलं, बैठकीत काय लपवलं. मला वाटलं तो मला मारेल. मारावं असंही वाटत होतं.

दादा टाकीचं झाकण उघडून आत बघत होता. झाकण लावून म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मी कोल्हापूरला जाऊन तपासून आलो. इथं कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं." हात पँटला पुसले. "तुला काय गरज होती तिच्या गावाला जायची?"

त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. कामावरून आलेल्या माणसाचा दमलेला चेहरा होता. खालून नव्या वहिनींनी जेवायला हाक मारली. तो जिन्याकडे निघाला, दोन पायऱ्या उतरून थांबला.

"आईला यातलं काही बोलू नकोस," तो म्हणाला. "तिला बीपी आहे."

मी आईला काही बोललो नाही. नव्या वहिनींनाही नाही.